मामाला शुगर आहे

लातूर, ५ फेब्रुवारी २०२५

चि. मल्लिनाथ,

अक्काचा आशीर्वाद. हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. दुकानातल्या स्टुलावर बस, मंजुश्रीला हाक मार आणि मग वाच. आपल्या अक्षराचं जमलं! मुलगा उदगीरचा. वीरेश नाव, पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, बोलतो कमी आणि खातो व्यवस्थित. पोरीला पसंत आहे, म्हणजे माझ्या पसंतीचा प्रश्नच मिटला.

फोन केला असता, पण मोठी बातमी पत्रानंच हा नियम तूच केलास आणि तो बरा आहे. मागच्या तेजीत तू एका दिवसात इतके व्हॉइस मेसेज पाठवलेस की माझा फोन तापून बंद पडला, आणि पुढच्या मंदीत तू महिनाभर फोन उचलला नाहीस. पोस्टमन निदान दोन्ही बाजूंनी सारखाच हळू चालतो. (डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं बायपोलर हे नाव यांच्या तोंडात अजून बसत नाही. त्यापेक्षा अप्पांच्या आडतीतली तेजी-मंदी बरी, सगळ्यांना कळते.)

आता एक गोष्ट सांगते, रागावू नकोस. मुलाची आई गौरम्मा बाई भली आहे, पण चौकस फार. त्यांच्यातल्या कुणीतरी तुला नांदेडला औषधाच्या दुकानात पिशवीभर गोळ्या घेताना पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, "मामाला काय होतंय ओ?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "शुगर हाय." त्या लगेच गप्प झाल्या. उदगिरात घरटी एकाला शुगर आहे, त्यामुळं पुढं कुणी विचारत नाही.

तेव्हा साखरपुड्याला तेवढं गोड खाऊ नकोस.

तुझी अक्का


मुखेड, १० फेब्रुवारी

ती. अक्का,

नमस्कार. स्टुलावर बसूनच वाचलं, पण वाचून झाल्यावर स्टूल पडलं!!! अक्षराचं लग्न!!! मंजुश्रीनं पेढे आणले, मी शेजारच्या कापडवाल्यापासून कोपऱ्यावरच्या चांभारापर्यंत सगळ्यांना वाटले. पोस्टमन शेषेराव पत्र देऊन पुढं गेले होते, त्यांना परत बोलावून दिले!

ऐक, संसाराची भांडी सगळी मामाकडून. हंडे, पराती, डबे, तांबे, सगळं. त्यावर नावं मी घालणार, माणूस लावणार नाही. आणि विहीणबाईंना मानाचं घंगाळ, पितळी, दोन कड्यांचं, आत लेकरू बसून आंघोळ करील एवढं!

पण अक्का, शुगर? दुसरं काही सुचलं नाही? मूळव्याध म्हणायचं होतं. त्यात तर कुणीच पुढं विचारत नाही!

गोळ्या रोज घेतो. रक्त तपासलं, बरोबर आलं. झोप होते. तू विचारायच्या आधीच लिहिलं.

तुझा मल्लू


लातूर, १५ फेब्रुवारी

चि. मल्लू,

पत्र मिळालं. यांनी चष्मा लावून त्यातली उद्गारचिन्हं पाहिली आणि चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. आनंद आम्हालाही झालाय, पण आम्ही पूर्णविराम देतोय.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. मागच्या वेळीही तू असाच खूश होतास. बाजाराच्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून पुकारलंस, "जुनं द्या, नवं न्या, वजनाला वजन!" मोडीचा भाव काय आणि नव्याचा काय, हे शेंबड्या पोराला कळतं. निम्म्या मुखेडानं फुटके तांबे आणून टाकले आणि कोरे हंडे डोक्यावर घेऊन गेले. आजही मुखेडात कुणाच्या घरी पाणी प्यायचं झालं तर मला तुझाच हंडा दिसतो.

यांना जळकोटला काम आहे. तिथून सहज तुझ्याकडं येतील.

आणखी एक. अक्षतांच्या वेळी नवरीच्या मागं उभं राहायला उदगीरच्या शिवप्पाला सांगून ठेवावं, असं यांचं म्हणणं आहे. तोही चुलत का होईना, मामाच आहे. ऐनवेळी तुझी तेजी-मंदी काही झाली तर? मन मोठं कर.

अक्का


मुखेड, २० फेब्रुवारी

ती. अक्का,

दाजी आले होते. जळकोटला काय काम होतं ते त्यांनाही सांगता येईना. सकाळच्या गाडीनं आले ते संध्याकाळच्या गाडीपर्यंत गल्ल्याशेजारी बसून राहिले. मी हसलो की घड्याळाकडं बघायचे. मी गुणगुणलो की पाणी मागायचे. शेवटी मंजुश्री म्हणाली, "दाजी, तुमी असं बगून राहिले म्हणूनच यांना हसू येऊन राहिलंय." मग दाजींनाच हसू आलं आणि ते थांबेना. आता त्यांना तेजी म्हणायचं का?

अक्का, मी खूश झालो की तेजी आणि गप्प बसलो की मंदी. मग नुसता साधा आनंद माझ्या वाट्याला कधी यायचा? तेजीत मी हसतो तेव्हा समोरचे थांबले तरी मला थांबता येत नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी हसलो, रडलो, भाकरी खाल्ली आणि वेळेवर झोपलो. फरक मलाही कळतो. सगळ्यात आधी मला कळावा म्हणूनच तर मी मॅडमकडं जातो.

शिवप्पाबद्दल लिहिलंस. लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मंडपात कळलं असतं. पण मी मन मोठं करणार नाही. अक्षरा दहावीला होती त्या दिवाळीत मी मंदीत होतो. अंगावरचं पांघरूण निघत नव्हतं. जिभेला चव नव्हती, मंजुश्रीची पुरणपोळी पुठ्ठ्यासारखी लागायची. गावभरची माणसं येऊन "मन घट्ट कर" सांगून गेली. तू पण. ही पोरगी तेवढी आली, खाटेला टेकून खाली बसली आणि बीजगणित सोडवत राहिली. बोलली काहीच नाही. सुट्टीभर रोज बसायची. मी पहिल्यांदा उठलो तो तिचं गणित कुठं अडलंय ते बघायला.

तिच्या मागं मला उभं राहायचंय. दुसरं काही नको.

मल्लू

(या पत्रात एकही उद्गारचिन्ह नाही. दाजींना दाखव.)


मुखेड, ६ मार्च

ती. अक्का,

साखरपुडा छान झाला. तू बायकांत होतीस, म्हणून पुरुषांकडं काय झालं ते तुला माहीत नाही.

मी पेढा उचलला. तोंडापर्यंत नेला. तेवढ्यात कुठून तरी गौरम्मा आल्या आणि माझ्या हातातून तो काढून घेतला. "भाऊ, जिवापेक्षा पेढा मोठा हाय का?" मग माझ्यासाठी वेगळं ताट आलं. त्यात कारलं. गुळाचंही नाही, नुसतं कारलं. वाटीत मेथ्या भिजवलेल्या. जेवण झाल्यावर मला त्यांच्याकडच्या शुगरवाल्यांच्या घोळक्यात सोडलं. सगळ्यांनी मिळून हॉलच्या बाहेर चकरा मारायच्या असतात म्हणे. प्रत्येक जण आपापला आकडा सांगत होता. माझी पाळी आली. मी सुचेल तो सांगितला. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "लई भारी कंट्रोल हाय पाव्हणं!" एकानं माझ्या औषधाचं नाव विचारलं. मी म्हटलं आयुर्वेदिक आहे.

वाचून हसशील. मीही हसलो. पण गाडीत बसल्यावर वाईट वाटलं. आजारपणाची मला लाज वाटत नाही, अक्का. मॅडमकडं दारात चप्पल काढून ताठ जातो. त्या शुगरवाल्यांत मात्र मी चोरासारखा फिरलो. त्या बाईनं खऱ्या मायेनं मला खोटं पथ्य दिलं.

त्यांना सांगू या का?

मल्लू


लातूर, ११ मार्च

मल्लू,

नाही. नाही म्हणजे नाही. अक्षता डोक्यावर पडेपर्यंत तुला शुगर आहे. नंतर बरी झाली म्हणून सांगू.

तुला सोपं वाटतंय. मला भीती वाटते रे. तुझी लाज नाही वाटत, पोरीची काळजी वाटते. सोन्यासारखी माणसं मिळालीत. "मामाच्या डोक्याचं औषध चालू हाय" एवढं एक वाक्य उदगिरात गेलं की त्याचं काय होऊन परत येईल सांगता येत नाही. मग शिवप्पाच काय, मागं उभं राहायला कुणीच लागणार नाही. एवढं माझं ऐक.

इकडं माझी दमछाक चाललीय. आचारी बदलला. नवा आवडला नाही म्हणून परत पहिला आणला. मंडपवाल्याशी भांडण झालं, मिटलं, परत झालं. काल मानाच्या साड्या आणल्या, घरी येऊन मोजदाद केली तर मान द्यायला एवढी माणसंच आपल्याकडं नाहीत. तरी आज परत जाऊन आणखी आणल्या, न जाणो. झोप लागत नाही. पहाटे उठून घासलेली भांडी परत घासते. यांनी काही विचारलं की मला त्यांचं बोलणं संपेपर्यंत धीर निघत नाही, मीच त्यांचं वाक्य पुरं करून त्याचं उत्तरही देते. घराला रंग काढलाय. जांभळा. तो रंग मला एकदम सुचला, आणि सुचला त्याच दुपारी रंगारी बोलावला.

अक्का


मुखेड, २९ मार्च

ती. अक्का,

मॅडम मला जे विचारतात ते आता मी तुला विचारतो. खरं सांग.

झोप कमी झालीय, तरी थकवा वाटत नाही, असं होतंय का? दुसऱ्याला बोलू देत नाहीस का? गरज नसताना खरेदी होतेय का? एकदम मोठे बेत सुचतात का, आणि लगेच रंगारी बोलावला जातो का? घरच्यांनी समजावलं तर त्यांचा राग येतो का?

अक्का, गोळी घेतलीस का?

मला जळकोटला काम आहे. तिथून सहज तुझ्याकडं येईन म्हणतो. गल्ल्याशेजारी बसेन आणि तू हसलीस की घड्याळ बघेन.

चेष्टा केली. तुझी तेजी वरात निघाली की आपोआप उतरेल. माझीला गोळी लागते, एवढाच काय तो फरक आहे आणि तो मोठा आहे. पण जांभळ्याचं खरंच परत बघ.

भांडी तयार आहेत. पुढच्या आठवड्यात टेम्पो येईल. सगळ्यांवर अक्षराचं नाव नीट आलंय. गौरम्मांच्या घंगाळावर चार शब्द जास्त घातलेत.

मल्लू


लातूर, ८ एप्रिल

मल्लिनाथ,

फोनच करणार होते, पण फोनवर तुला शिव्या किती दिल्या असत्या याचा अंदाज नव्हता. पत्रात निदान कागद संपतो.

टेम्पो आला. गल्लीतल्या बायका भांडी बघायला जमल्या. मी कौतुकानं घंगाळावरचं कापड काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले:

"सौ. गौरम्मा यांस मल्लिनाथकडून सप्रेम भेट. मला शुगर नाही."

तिथंच गिळलं. पुढचं मनात वाचलं: "तेजी-मंदीचा आजार आहे. औषध चालू आहे. पोरीला जपा."

पितळेवर! अरे, माणूस कागदावर लिहितो, फार तर भिंतीवर लिहितो. तुला घंगाळच सापडलं? मी त्यावर साडी टाकली (जास्तीच्या साड्या आहेतच), मग ते उलटं करून त्याचं तोंड भिंतीकडं केलं, मग त्यात तांदूळ भरले. तरी येता-जाता ते माझ्याकडं बघतंय असं वाटतं.

पॉलिशवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "घासून निघंल मावशी, पण तिथं खड्डा पडंल. अन् लोक आदी खड्ड्याकडंच बगतील."

एकच विचारते. हे तेजीत घातलंस का? असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. नसेल तर मात्र फार रागावणार आहे.

अक्का


मुखेड, १३ एप्रिल

ती. अक्का,

मग रागव. तेजीत घातलेलं नाही.

नाव घालायच्या आधी आम्ही भांड्यावर खडूनं लिहून बघतो. मी ते खडूनं लिहून घंगाळ दुकानात समोरच ठेवलं. तेजीत सुचलेलं दुसऱ्या दिवशी मला शिळं वाटतं. हे शिळं होईना. खडू पुसला गेला की मी परत तेच लिहायचो. मंजुश्रीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "बरोबर हाय. 'पोरीला जपा' तेवढं वाढवा." मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मग घंगाळाचं ऐकून हसल्या आणि हसल्याबद्दल माफी मागितली. सगळ्यात शेवटी अक्षराला विचारलं, कारण लग्न तिचं आहे. ती म्हणाली, "घाला मामा. आईला सांगू नका, ती पुसायला लावेल."

मग मशीन हातात घेतलं.

आता ते तुझ्या दारात आहे. तू घासून टाक म्हणालीस तर मी स्वतः येऊन घासीन, खड्डा पडला तर पडू दे. शिवप्पा मागं उभा राहिला तर मी त्याच्या मागं उभा राहीन. कारलंही खाईन. तुझी भीती खोटी नाही, हे मला कळतं. फक्त मी तिथं माझ्या आजारासकट उभा राहिलो तर मला आवडेल, एवढं तुला माहीत असावं.

मल्लू


लातूर, १२ मे

चि. मल्लू,

लग्नात तू होतास, तरी अर्धं लग्न तुला माहीत नाही. नवरीच्या मागं शिवप्पाऐवजी तू कसा आलास आणि पंगतीत तुझ्या पानावर पेढ्यांचा अख्खा पुडा कुणी ठेवला, हे तू मला चारदा विचारलंस आणि मी चारदा कामाचं निमित्त केलं. समोरासमोर सांगताना रडले असते. आता ऐक.

मी घंगाळ घासलं नाही. सांगायचं धाडसही केलं नाही. रुखवताच्या खोलीत सगळ्यात मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवलं आणि म्हटलं, बाबा महादेवा, तूच बघ. पण गौरम्मा त्या गौरम्मा. अक्षतांच्या आधी रुखवत बघायला आल्या आणि एकेक भांडं उचलून जड आहे का हलकं ते बघत थेट मागं पोचल्या. घंगाळ फिरवलं. वाचलं. मग पदरानं डोळे पुसून परत वाचलं.

"ह्ये काय लिवलंय ओ? शुगर न्हाई?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मंग कारलं का खाल्लं त्यानं?"

"तुमी वाढलं म्हणून."

मग सांगितलं सगळं. तेजी काय, मंदी काय, भोंगा लावलेली रिक्षा, पांघरूण, गोळ्या. त्या ऐकत होत्या. मला वाटलं आता मंडपात आरडाओरडा होणार. झालाच. पण म्हणाल्या काय, "म्या त्याच्या हातातला पेढा काढून घेतला की ओ! भर साखरपुड्यात! पाव्हण्याला कारलं घातलं! मला आदी सांगायचं न्हाई का?" आणि डोक्याला हात लावून परातीवर बसल्या. तुझी परात मजबूत आहे.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, हळू आवाजात. "पोरीत येतं का ह्ये?" मी म्हटलं, "येऊ शकतं. बहुतेकांना येत न्हाई. आलं तर औषध हाय." खोटं बोलायची ताकद संपली होती. मग त्यांनी वीरेशला हाक मारली. तो मुंडावळ्या सावरत आला. त्याला विचारलं, तुला म्हाईत हाय का? तो म्हणाला, "अक्षरानं पहिल्याच दिवशी सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू मामांना काढा पाजला असतास."

म्हणजे ज्यांचं लग्न त्यांना सगळं माहीत, आणि मी इतके दिवस तांदूळ भरून घंगाळ लपवतेय!

पुढं भोंग्यावर पुकारा झाला, "नवरीचे मामा, नवरीला घेऊन या." नवा कुर्ता घालून शिवप्पा निघालाच होता. गौरम्मांनी त्याचा कुर्ता मागून धरला. "तुमी बसा. ज्यानं भांडी दिली त्यो उभा ऱ्हाईल." कुर्ता जरा उसवला. त्याला मी साडी दिली, त्याच्या बायकोसाठी. पंगतीतला पेढ्यांचा पुडाही गौरम्मांनीच ठेवला.

तू अक्षराच्या मागं उभा होतास तेव्हा रडत होतास आणि हसतही होतास. हे माझ्या कानाला लागून म्हणाले, "तेजी दिसतीय." मी म्हटलं, "न्हाई. आनंद झालाय त्याला." चूक माझी होती रे, मल्लू. तुझा आनंद मला ओळखता यायला हवा होता.

अक्का


मुखेड, ७ जून

अक्का,

मंदी आहे. मॅडमकडं जाऊन आलो, गोळ्या चालू आहेत. दुकान मंजुश्री बघते. जास्त लिहवत नाही.

मल्लू


लातूर, ११ जून

चि. मल्लू,

पत्र मिळालं. "मन घट्ट कर" असं लिहून खोडलंय, खाली दिसत असेल तर वाचू नकोस. दुसरं काही सुचलं नाही. उत्तर पाठवू नकोस. घर अजून जांभळंच आहे.

अक्का


मुखेड, १९ जून

अक्का,

आज अक्षरा आली. वीरेश तिला सोडून मोटारीच्या कामाला देगलूरला गेला. ती खाटेला टेकून खाली बसली, लॅपटॉप उघडला आणि तिचं काम करत राहिली. बोलली काहीच नाही.

गौरम्मांनी पुडा दिला होता, तो तिनं उशाशी ठेवला. दिवसभर तसाच होता. तिची जायची वेळ झाली तेव्हा मी उठून बसलो आणि अर्धा पेढा खाल्ला.

गोड लागला.

मल्लू